आबा वकिलांची काठी

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. ते दूध काढताना पाहायची वेळ मात्र गेल्या आठवड्यात आली. बारामतीत काही हौशी मंडळींनी आबा खराड्यांच्या तसबिरीचं अनावरण ठेवलं होतं. मीही गेलो. आबांच्या हाताखाली वकिली शिकलेला मी एकटाच आता शिल्लक आहे, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि बोलायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बरं झालं. बोललो असतो तर कार्यक्रमाचा विचका झाला असता.

तसबिरीवरचा पडदा बाजूला झाला आणि पाहतो तर आबा हसताहेत. चित्रकाराने त्यांना चांगलं गोडगोड हसू दिलं होतं, लग्नात पान खाऊन बसलेल्या व्याह्यासारखं. मग भाषणं झाली. थोर घटनातज्ज्ञ. शांत, संयमी व्यक्तिमत्त्व. दिल्लीपर्यंत बारामतीचं नाव नेणारे. अध्यक्ष तर म्हणाले, आबासाहेब अजातशत्रू होते. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. यांचेच वडील आबांना भर चौकात 'घरभेद्या' म्हणाले होते.

तेही मी गिळलं असतं. पण बाहेर पडताना दाराजवळ एक टेबल मांडलेलं दिसलं. त्यावर आबांचा झगा, चष्मा, जाडजूड पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात टेकवून ठेवलेली काठी. तिला कुणीतरी नवं पॉलिश केलं होतं. खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी: 'आबासाहेबांची फिरायला जाण्याची काठी.'

मी तिथेच थांबलो. त्या काठीच्या टोकाला लोखंडी कडी आहे आणि कडीत तीन घुंगरं आहेत. फिरायला जाणारा माणूस काठीला घुंगरं बांधतो का, एवढा विचार करायलाही या लोकांना सवड नव्हती. आणि आबा फिरायला कधी जात नसत. त्यांना वेळच नव्हता. आयुष्यभर ते कुणावर ना कुणावर चिडलेले असत.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना हसरे आबा हवे असतील त्यांनी ती तसबीर पाहावी.

पन्नास सालानंतरची, देशाला नवी घटना मिळालेली ती वर्षं. आबा म्हणजे बळवंतराव खराडे. मूळ गाव इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अलीकडे. गावाचं नाव सांगत नाही, आज तिथे माझी भाची नांदते आहे. घरी पाटीलकी. थोरले भाऊ दादा हे गावचे पाटील. उसाची, मिरचीची बागायत, दारात बैलांच्या जोड्या. असा माणूस बारामतीत भाड्याची खोली घेऊन वकिली करत होता. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. मी नवाच सनद घेऊन त्यांच्याकडे उमेदवारीला लागलो होतो आणि ओसरीत बसत होतो, कारण आत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

त्यांचा राग ओळखायला मला सहा महिने लागले. दुसरा माणूस चिडला की आवाज चढतो. आबांचा उतरायचा. आधी कान लाल व्हायचे, मग ते कोटाचं वरचं बटण लावायचे, आणि मग इतकं हळू बोलायचे की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. बटण लागलं की मी ओसरीवरून आत यायचो. काहीतरी होणार हे नक्की असायचं.

त्यांच्या खिशात पेरू असायचा आणि कागदात बांधलेलं मीठ. जेवणाची शुद्ध नसे, पण पेरू चुकत नसे. घटनेचं पुस्तक त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. कुणी म्हणालं, "आबा, पोथीसारखं ठेवलंय की," तर म्हणायचे, "पोथी असती तर न वाचता चाललं असतं."

अशील हात जोडून उभा राहिला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "हात खाली घे. देवळात आलास का?" आणि अशील बसल्याशिवाय ते स्वतः बसत नसत. खोलीत खुर्ची एकच, त्यामुळे पुष्कळदा अशील खुर्चीत आणि वकील उभा, असा उलटा देखावा असायचा. रस्त्यावरून जाणारे हसायचे. आबांना त्याचं काही नव्हतं.

अशाच एका दुपारी शिदराम आला. लष्करात नोकरी करून परतलेला, ताठ चालणारा, खाकी शर्ट घातलेला माणूस. आबांच्याच गावच्या महारवाड्यातला. आबा उठून म्हणाले, "या शिदराव, बसा."

ओसरीवर कुणीतरी खुसकन हसलं. त्या काळी राव कुणाला लावायचं याचे नियम होते, आणि ते नियम कुठेही लिहिलेले नसल्यामुळे फार पक्के होते. शिदराम स्वतःही बावरला. पण बसला.

"आबा, मी काठी घेनार न्हाय," तो म्हणाला.

ही काठी काय, ते सांगायला हवं. गावाची एक काठी असे, घुंगरांची. महारवाड्यातल्या घरांनी तिची पाळी वाहायची. काठी ज्याच्या दारात, तो त्या पाळीचा येसकर. त्याने चावडीपुढे हजर राहायचं. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं, गावाचं दप्तर तालुक्याला पोचवायचं, कुणी मेलं की उन्हातान्हात परगावी सांगावा न्यायचा, पाटलाच्या बैलांपुढे वैरण टाकायची. बदल्यात संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागून आणायची, आणि वतनाचा म्हणून ओढ्याकाठी एक जमिनीचा तुकडा. काठी दारात टेकवली की नाही म्हणायची सोय नव्हती. कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

शिदरामने म्हटलं. दारात टेकवलेली काठी त्याने उचलून चावडीत नेऊन ठेवली. गाव पेटलं. वतनाची चाकरी करत नाही तर जमीन काढून घ्या, असा अर्ज पाटलांनी वर केला. पाटील म्हणजे आबांचे थोरले भाऊ.

मी आबांकडे पाहिलं. कान लाल झाले होते. त्यांनी बटण लावलं.

"अर्ज दादांनी केला?"

"व्हय."

"मग तर घ्यायलाच पाहिजे हे काम," आबा म्हणाले.

चौकशी प्रांतसाहेबांच्या कॅम्पवर, इंदापूरला होती. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गेलो. समोरच्या वकिलाने मुद्दा चांगला काढला होता. त्याचं म्हणणं, घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी बंद केली हे खरं, पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा घेऊ शकतं. येसकराचं काम गावाचं, म्हणजे सार्वजनिक. शिवाय या गावात वेठ नाहीच. लोक परंपरेनं, राजीखुशीनं करतात. तसं सांगायला पाटील दादा स्वतः आले होते. पांढरा फेटा, करवतकाठी धोतर.

आबा उलटतपासाला उभे राहिले. भावाला त्यांनी एकदाही दादा म्हटलं नाही.

"पाटील, गावाचं दप्तर आणलंय का?"

"आणलंय की."

"कुठं आहे?"

दादांनी दाराकडे हात केला. दाराबाहेर उन्हात एक म्हातारा उभा होता, डोक्यावर लाल फडक्यातलं दप्तर, हातात घुंगरांची काठी. तो गेनूबाबा, शिदरामचा सख्खा चुलता. पाटलांनी खाली ठेव म्हटलं नव्हतं, म्हणून दप्तर डोक्यावरच होतं.

"आपण कशातून आलात?"

"बैलगाडीतनं."

"आणि हे?"

"मागनं चालत."

"गाडीत जागा नव्हती?"

दादांना प्रश्नच कळला नाही. "जागा व्हती की. पन त्यो कसा बसंल गाडीत?"

"या कामाचे त्यांना काय दिलेत?"

"त्याला काय द्याचं? त्याची पाळीच हाय."

कॅम्पात हशा झाला. साहेबही हसले. मी आबांकडे पाहिलं. ते हसले नव्हते. दादाही हसले नव्हते, कारण आपण काय बोललो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गावात वेठ नाही हे सांगायला निघालेल्या माणसाने वेठीचा माणूसच पुरावा म्हणून बरोबर आणला होता, आणि खोटं बोलण्याचा त्यात लवलेश नव्हता. श्वास घेतो तसं होतं ते त्यांच्या लेखी. मला त्या दिवशी याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला. लबाडाला पकडता येतं. याला काय करायचं?

आबांनी आपली खुर्ची उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. "गेनूबाबा, ते खाली ठेवा. बसा."

गेनूबाबा बसले नाहीत. पाटलांकडे पाहत राहिले.

मग आबा त्या हळू आवाजात बोलले. साहेब पुढे वाकले. "समोरच्या माझ्या वकील मित्रांनी कलम अर्धंच वाचलं. सार्वजनिक सेवा घेताना जातीवरून भेद करता येणार नाही, असं पुढचं वाक्य आहे. काम गावाचं असेल तर माझी हरकत नाही. काठी सगळ्या गावात फिरू द्या. आज महारवाड्यात, उद्या माळ्यांच्यात, परवा पाटलांच्या दारात. माझं घर तेच आहे. आमच्याकडे ठेवा. मी येतो बारामतीहून पाळीला."

साहेबांनी वतनाच्या जुन्या कायद्याकडे बोट दाखवलं आणि निकाल शिदरामच्या विरुद्ध दिला. बाहेर दादा गाडीत चढताना म्हणाले, "बळवंता, गावापुढं माझी इज्जत काढलीस." आबा म्हणाले, "तुम्हीच चालवत आणलीत, दादा. दाराबाहेर उभी होती."

त्यानंतर त्यांना घर बंद झालं. बारामतीतही कामं आटली. बागायतदार अशील दुसरीकडे वळले. पणदऱ्याचे एक बडे गृहस्थ खोलीवर येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "आबासाहेब, रूढी हळूहळू जात्यात. घाई कशाला?" आबांनी त्यांना शांतपणे विचारलं, "तुमच्या चपलेत खडा गेला तर हळूहळू काढता का?" गृहस्थ परत आले नाहीत.

आबा मुंबईला हायकोर्टात गेले. तिथे त्यांनी हाच मुद्दा मांडला आणि जिंकले. शिदरामला काठी घ्यायची सक्ती करता येणार नाही आणि जमीनही काढता येणार नाही, असा हुकूम झाला. वर्तमानपत्रांत नाव आलं. मोठे वकील घटनेच्या कामात त्यांना बोलावू लागले. भाषणांमध्ये जी कीर्ती सांगतात तिची सुरुवात इथली.

आणि भाषणं इथेच संपतात. पुढचं कुणाला नको असतं.

निकालानंतर शिदराम खोलीवर आला. पेढे वगैरे काही नाही. आल्या आल्या म्हणाला, "आबा, माझ्या वावराच्या वाटंवर काटं टाकल्यात. औताला बैल कुनी देत न्हाय. मी पुण्याला चाललो."

आबांनी बटणाला हात लावला. "फिर्याद करू."

"करा. पन त्ये जाऊं द्या. मी सुटलो. माझी पाळी कुनाकडं गेली ठावं हाय का? चुलत्याकडं. आता काठी त्याच्या दारात दुप्पट दिस असती."

हुकूम शिदरामपुरता होता. अर्ज त्याचा, म्हणून सुटका त्याची. गेनूबाबांनी अर्ज केला नव्हता आणि करणारही नव्हते. आबांना हे कायद्याने माहीत होतंच, पण काठीचा हिशेब त्यांनी धरला नव्हता. शिदराम गेल्यावर ते बराच वेळ उभेच होते, खुर्ची रिकामी असूनही. मग मला म्हणाले, "एक माणूस खांदा काढून घेतो तेव्हा तिरडी उरलेल्यांना जड होते. एवढं साधं मला कळू नये?"

बारामतीकरांनी सत्कार ठरवला तो त्यांनी उडवून लावला. गेनूबाबांकडे दोनदा माणूस पाठवला, अर्ज करा म्हणून. उत्तर आलं नाही.

वर्षभराने दादा स्वतः बारामतीला आले. खोलीत उभं राहून म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. गावानं काठी बंद केली. तुझा सत्कार करायचाय. आईबी वाट बघती."

"बंद केली?"

"केली."

त्या दिवशी मात्र आबा हसले. तेवढंच हसू मी पाहिलेलं. तसबिरीतल्यासारखं नव्हतं. ओठ नीट उघडलेही नाहीत, फक्त कान लाल नव्हते.

आम्ही दुपारच्या एस.टी.ने गेलो. आबांनी आईसाठी नवं लुगडं घेतलं होतं, आणि पुस्तकांची ट्रंक बरोबर होती, कारण तिथून परस्पर मुंबई गाठायची होती. फाट्यावर उतरलो. टपावरून ट्रंक खाली आली आणि कुणीतरी पुढे होऊन ती डोक्यावर घेतली. घुंगरं वाजली.

गेनूबाबा होते. एका हाताने ट्रंक सावरलेली, दुसऱ्या हातात काठी.

आबांनी विचारलं, "गेनूबाबा, काठी बंद झाली ना?"

"व्हय, झालीया की," गेनूबाबा म्हणाले. "पाटील म्हनलं, आज तेवढी घे. पाव्हनं यायचं हाइत."

"आणि काल?"

गेनूबाबा गावाच्या वाटेला वळले.

आबांनी कोटाचं बटण लावलं. गेनूबाबांच्या डोक्यावरची ट्रंक काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. गेनूबाबा ती सोडेनात. "द्या आबा, माझी पाळी हाय," म्हणत राहिले. आबांनी काठीही घेतली. फाट्यापासून गावापर्यंत ते तसेच चालले, मी मागे लुगड्याचं पुडकं घेऊन, आणि माझ्या मागे रिकाम्या हातांनी गेनूबाबा. त्यांना त्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं.

वेशीत हलगी वाजत होती. दादा हार घेऊन पुढे आले आणि थांबले. डोक्यावर ट्रंक असलेल्या माणसाला हार घालता येत नाही. आबा थांबलेच नाहीत. सरळ पाटलांच्या वाड्यापर्यंत, म्हणजे स्वतःच्या घरापर्यंत गेले, ट्रंक ओट्यावर ठेवली आणि काठी दाराच्या चौकटीला टेकवली. हलगी आपोआप बंद पडली.

"काठी बंद झाली म्हणता," आबा म्हणाले. पुढच्यांनी ऐकून मागच्यांना सांगावं लागलं, इतकं हळू. "मग हे नुसतं लाकूड आहे. कुणीही उचला आणि चुलीत घाला."

कुणी हललं नाही. एक म्हातारा पुटपुटला, "आसं कसं? गावाची काठी हाय ती." दादांच्या हातात हार तसाच होता. सगळा गाव जमला होता. पोरं झाडावर चढली होती. एका माणसाने, एका माणसाने पुढे होऊन ते लाकूड उचललं असतं तर गोष्ट तिथे संपली असती. इतकी वर्षं झाली, मला अजून ते चेहरे दिसतात आणि अजून माझी मूठ वळते.

शेवटी गर्दीतून गेनूबाबा आले. चपला वेशीबाहेरच काढलेल्या होत्या. त्यांनी ओट्याखालून हात लांबवला आणि काठी उचलून घेतली.

आबांचा चेहरा उतरला. राग गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. "गेनूबाबा, तुम्ही?"

"आबा," गेनूबाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज आबांपेक्षाही हळू होता, "तुमी सांजच्या गाडीनं जाल. मला हितंच राहायचं हाय. काठी पाटलाच्या दारात ऱ्हायली तर उद्या माझं घर ऱ्हाईल का?"

त्या म्हाताऱ्याला लाचार म्हणणारे पुढे मला पुष्कळ भेटले. शहाणपणा सांगायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या गर्दीत कायदा, गाव आणि आपला जीव या तिघांचं खरं वजन ठाऊक असलेला तो एकटाच होता. लाचार होतो ते आम्ही, हार घेऊन, पुडकी घेऊन उभे असलेले.

पुढचं सांगून टाकतो. गावाने महिन्याभरात बाभळीची नवी काठी तासून घेतली. पाळी चालू राहिली. मग आबांनी शोधून शोधून एकेका गावातले अर्ज मिळवले आणि कोर्टात लढत राहिले. पन्नाशीचं दशक संपता संपता कायद्यानेच ती वतनं गेली. गेनूबाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या दारात काठी नव्हती. जुनी काठी आबांकडे राहिली, बारामतीच्या खोलीत आणि नंतर दिल्लीच्याही. कुणी रूढीचं कौतुक करू लागलं की आबा कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "उचला." तीच काठी आता पॉलिश होऊन फिरायला निघाली आहे.

सत्काराच्या त्या संध्याकाळी मला बारामतीला परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी कोर्टात काम होतं. आबा म्हणाले, "तू जा. मला हितंच राहायचं आहे." गेनूबाबांचंच वाक्य. आईच्या हातात लुगडं देऊन ते ओट्यावरून उतरले, ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली आणि गेनूबाबांच्या मागोमाग महारवाड्याच्या वाटेला लागले. मागे दादांनी हाक मारली, "बळवंता, घरात जेवान वाढलंय." त्यांनी वळून पाहिलं नाही.

एस.टी. त्या वस्तीच्या कडेने जाते. खिडकीतून मला गेनूबाबांचं घर दिसलं. दारात ट्रंक होती. ट्रंकेवर गेनूबाबा बसले होते, अवघडून, अगदी कडेला. आणि खाली मातीत, उंबऱ्याला पाठ लावून, कोटाचं बटण लावलेले आबा. काठी त्यांच्या मांडीवर आडवी होती. गावाकडून येणाऱ्या वाटेवर त्यांची नजर होती. कोण येतंय काठी मागायला, ते पाहत होते.